तीनशे तोंडं आणि मिस थ्रेलफॉल

माझे पुढचे दोन दात नाहीत. ते कुणाशी भांडताना पडलेले नाहीत, हे आधीच सांगून टाकते, कारण झिला हॅवर्थला जे ओळखतात त्यांना नेमकं तसंच वाटतं. मागावरच्या धोट्याच्या भोकाला तोंड लावून सूत आत ओढायचं, दिवसातून दोन-तीनशे वेळा, तेही वयाच्या अकराव्या वर्षापासून. दात राहतील कुठून? पण ओठ शाबूत आहेत, आणि आमच्या वॉर्थलो गावात विणकरणीचे ओठ शाबूत असले की तिचं सगळं चालतं.

आमच्या कापडगिरणीच्या साचेखात्यात एका छपराखाली बाराशे साचे, म्हणजे माग. भोंगा झाला आणि पट्टे फिरायला लागले की कानाशी येऊन ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून आम्ही ओठांनी बोलतो. आवाज काढायचाच नाही. शब्द ओठांनी घडवायचा, चांगला ऐसपैस, गाल, भुवया, हनुवटी सगळ्यांना कामाला लावून. खात्याच्या पार त्या टोकाची बाई काय म्हणतेय ते मला इथून दिसतं. कुणाच्या नवऱ्यानं रविवारी काय दिवे लावले ते सोमवारी न्याहारीच्या आत सगळ्या खात्याला कळलेलं असतं, आणि तोंडातून एक शब्द बाहेर पडलेला नसतो. सवयच ती. प्रार्थनाघरात भजन चालू असतानाही आम्ही एकमेकींशी तशाच बोलतो आणि पाद्र्याला वाटतं, काय भक्त बायका आहेत!

हेस्टर माझ्या समोरच्या चार साच्यांवर. तिचा जोनास चार वर्षांचा होऊन लाल तापात गेला. तिसऱ्या दिवशी ती कामावर आली आणि त्या दिवसापासून तिचे ओठ मिटले. आमच्याकडे ओठ मिटले म्हणजे माणूस असून नसल्यासारखं. मी रोज तिच्याशी बोलायची. "खाल्लंस का गं?" "झोपलीस का?" उत्तर नाही. चार महिने तिनं एक शब्द काढला नाही. रडलीसुद्धा नाही. मला तर भीती वाटायला लागली होती की ही एक दिवस पट्ट्यात हात घालणार.

आमच्या साप्ताहिकात कवितेचा एक कोपरा असायचा. मी रविवारच्या शाळेत वाचायला शिकलेली. खात्यात निम्म्या बायकांना अक्षर कळत नव्हतं, हेस्टरलाही नव्हतं. एका आठवड्याला त्या कोपऱ्यात मिस थ्रेलफॉल नावाच्या बाईची कविता आली. आमच्या बोलीत ती साधारण अशी होती:

दारापाशी बूट आहेत, पाय कुठे गेले?
पहाट झाली, रस्ता वाजला, सारे निघून गेले.
झाडते मी घर सगळे, तेवढी जागा सोडून;
धूळसुद्धा त्याची आहे, कशी टाकू काढून?

पुढे आणखी दोन कडवी. मी न्याहारीच्या सुट्टीत वाचली आणि माझा चहा तसाच गार झाला. कारण हेस्टरच्या घरी मी गेले होते. दाराच्या मागे जोनासचे नाल ठोकलेले इवलेसे बूट होते, आणि त्यांच्याभोवती हातभर जागेत खरंच धूळ साठलेली होती. एरवी काय लखलखीत घर हो तिचं! मी मनात म्हटलं, ही बाई हेस्टरच्या घरी कधी येऊन गेली?

साचे सुरू झाल्यावर मी हेस्टरकडे तोंड केलं आणि ओठांनी सगळी कविता म्हटली. ती बघत राहिली. सूत तुटून तिचा एक साचा थांबला तरी तिचं लक्ष नव्हतं. मग तिचे ओठ हलले. चार महिन्यांनी.

"परत म्हण."

मी परत म्हटली. ती रडायला लागली, उभ्या उभ्या, साच्याला धरून. तिचं रडणं ऐकू आलं नाही, पण सगळ्या खात्याला दिसलं. आणि मग ती कविता एका साच्याकडून दुसऱ्याकडे गेली. कुणाचं मूल गेलेलं नाही आमच्यात? संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत तीनशे बायकांना पाठ होती. हेस्टरनं साप्ताहिकातला तो तुकडा माझ्याकडून मागून घेतला आणि साच्याच्या चौकटीवर चिकटवला. वाचता येत नसताना! मी म्हटलं, "अगं, काय करणार आहेस त्याचं?" म्हणाली, "असू दे. माझा आहे."

त्यानंतर दोन वर्षं मिस थ्रेलफॉलच्या कविता आल्या की आम्ही अशाच घ्यायचो. तिचं पहिलं पुस्तकही निघालं. आणि मग मँचेस्टरच्या एका मोठ्या मासिकात कुणा विद्वानानं त्या पुस्तकाची चामडी सोलली. म्हणे, ही लग्न न झालेली, मूल न झालेली बाई दुसऱ्यांच्या पाळण्यांवर अश्रू गाळते. हे हातरुमालाचं काव्य आहे. आणि हे ज्यांना आवडतं त्यांना वाचताच येत नाही. मेल्या! हे शेवटचं तरी त्यानं खरं लिहिलं, फक्त त्याला ते खरं आहे हे ठाऊक नव्हतं.

माझं डोकं फिरलं. मी बाईंना पत्र लिहिलं, सगळ्या खात्याच्या वतीनं. आमच्या गावी या, प्रार्थनाघराच्या शाळेत चहाचा बेत करतो, तुमच्या तोंडून कविता ऐकायची आहे. उत्तर आलं. अक्षर अगदी सरळ, पण मजकूर असा: "माझ्या दुसऱ्या पुस्तकाची पानं छापखान्यात आहेत. ती परत मागवावीत असं मनात आहे. त्या गृहस्थांचं म्हणणं बरोबर असेल तर मी जगाचा कागद का नासवावा? तुमच्याकडे येते. तुमच्या लोकांना बघितल्यावर ठरवीन."

म्हणजे सगळं आमच्यावर येऊन पडलं. मी खात्यात बजावून ठेवलं, "शनिवारी नीट वागायचं. खोकायचं नाही, खुर्च्या ओढायच्या नाहीत, आणि कविता सुरू झाली की एकीचा आवाज निघता कामा नये." हे मी सांगितलं. मीच.

शनिवारी दुपारी गिरणी सुटली. घरी जाऊन आम्ही तोंडं धुतली, चांगल्या शाली घेतल्या आणि शाळेत जमलो. मनुकांचा पाव, हॅम, चहाच्या मोठाल्या किटल्या. बाई आल्या. मला वाटलं होतं कुणीतरी उंच, रुबाबदार असेल. या तर एवढ्याशा, राखाडी कपड्यातल्या, समुद्रकाठच्या कुठल्याशा शाळेतल्या मास्तरीणबाई. हातात कवितेचा कागद. पहिल्या रांगेत हेस्टर, मांडीवर हात ठेवून, लग्नाला आल्यासारखी.

बाईंनी बुटांची कविता सुरू केली. आणि खोलीत चिडीचूप. एकही खोकली नाही. आवाज मुळीच नाही.

पण पाठ असलेली कविता समोर कुणी म्हणायला लागलं तर आमचे ओठ थांबतात का? त्या म्हणत होत्या आणि आम्ही तीनशे जणी त्यांच्याबरोबर म्हणत होतो. आवाज न करता. आणि खात्यात म्हणतो तशीच, ऐसपैस. तोंडं वासून, गाल ताणून, भुवया वर-खाली करून, माना हलवून. मला त्या वेळी इतकं भरून आलं होतं! मी म्हटलं, बघा बाई, बघा तुमचे लोक.

बाईंनी वर बघितलं. कागदाकडे बघितलं. पुन्हा वर बघितलं. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर त्यांचा आवाज बसला. तिसरं कडवं आलंच नाही. त्यांनी कागद घडी करून पिशवीत टाकला, "माफ करा" म्हणाल्या आणि बाजूच्या दारानं निघून गेल्या.

हेस्टर माझा हात धरून म्हणाली, "बघ गं, तिला रडू आलं. आपल्यासारखंच." आणि आम्ही खुळ्या आनंदानं टाळ्या वाजवत बसलो.

रविवारी प्रार्थना संपल्यावर पाद्रीणबाईंनी मला कोपऱ्यात घेतलं. मिस थ्रेलफॉल त्यांच्याकडेच उतरल्या होत्या. "लाज नाही वाटली तुम्हाला? बिचारी एवढ्या लांबून आली आणि तुम्ही तिला वेडावून दाखवता? तीनशे जणी तोंडं वेंगाडून! उद्या सकाळच्या गाडीनं परत चालली आहे ती."

मी तडक पाद्र्याच्या घरी गेले. बाई मागच्या बागेत बाकावर बसल्या होत्या. मांडीवर एक पत्र, लिहून बंद केलेलं. पत्ता छापखान्याचा.

"बाई, तुमचा गैरसमज झालाय," मी म्हटलं. "आम्ही कविता म्हणत होतो."

"आवाज न काढता?"

"आमच्यात तसंच बोलतात."

"मिस हॅवर्थ, तुम्ही चांगल्या आहात, मला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगताय. मी शाळेत शिकवते. मुलं पाठीमागे तोंडं करतात ती मला ओळखता येतात."

"थांबा, दाखवते," म्हणून मी कविता म्हणायला लागले, खात्यात म्हणते तशी. दोन ओळी झाल्या नाहीत तोच त्यांनी तोंड फिरवलं.

"हेच," त्या म्हणाल्या. "अगदी हेच करत होत्या सगळ्या. कृपा करून पुरे."

घ्या! करायला गेले एक आणि झालं भलतंच. आणि माझा स्वभाव असा की ओशाळले की मला आधी राग येतो. मी म्हटलं, "तुम्हाला काय कळणार आमचं! ज्यांची मुलं जातात त्यांनाच ते कळतं. तुम्हाला ना मूल ना बाळ!"

तोंडातून गेलं आणि मला कळलं की मी त्या मासिकवाल्याचंच वाक्य म्हटलं. त्यानं निदान मँचेस्टरला बसून लिहिलं होतं. मी तोंडावर म्हटलं. बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या पत्राच्या कडेवर बोट फिरवत राहिल्या.

"माफ करा," मी म्हटलं. "जीभ झडो माझी. पण एकदा खात्यात या. उद्या, गाडीच्या आधी. मी सांगून पटणार नाही, तुम्ही बघा. आमच्यात एक हेस्टर आहे. तिला अक्षर ओळखता येत नाही. तिच्या दारामागे बूट आहेत. झाडते सगळं घर, तेवढी जागा सोडून. तुमची कविता येण्याच्या आधीपासून."

त्यांनी पत्र उचलून हातात घेतलं. मग म्हणाल्या, "तिच्यासाठी येईन. पण हे पत्र पिशवीत असेल. स्टेशनात पेटीत टाकणार आहे."

सोमवारी न्याहारीच्या सुट्टीनंतर मी त्यांना फाटकातून आत घेतलं. खात्याच्या दारात जॉबर अमोस उभा. साच्याच्या दुरुस्तीत त्याचा हात कुणी धरणार नाही, पण तोंड सदा कडू काढा प्यायल्यासारखं.

"पाहुणे आत नाहीत. ऑफिसातून चिठ्ठी आण."

"अमोस, तुझ्या हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून काय चिकटवलंय ते सांगू का सगळ्यांना?"

"काय चिकटवलंय?"

"त्याच साप्ताहिकातलं. तोच कोपरा. आणि ही ती बाई."

अमोसनं बाईंकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले. "मला कुणी आत गेलेलं दिसलं नाही," म्हणाला आणि पाठ फिरवून उभा राहिला.

साचे सुरू झाले. बाईंनी दोन्ही कानांवर हात दाबले. मी त्यांना हाताला धरून साच्यांमधल्या माझ्या गल्लीत आणलं आणि साऱ्या खात्याकडे तोंड करून म्हटलं, "म्हणा."

कुणी ओठ हलवला नाही.

काल संध्याकाळी गल्लीगल्लीत बातमी पोचली होती ना, की आपण बाईंना वेडावलं असं त्यांना वाटलं. सगळ्या शरमेनं मेल्या होत्या. माना खाली, ओठ घट्ट. मी हातवारे करते, डोळे वटारते, "अगं, म्हणा ना मेल्यांनो!" म्हणते, आणि तीनशे बायका मुक्या! त्या खात्यात ओठ बंद असलेले मी जन्मात बघितले नव्हते. एरवी यांची तोंडं बंद करा म्हणून मालक विनवण्या करतो आणि आज गरज असताना ही तऱ्हा. बाईंनी पिशवी छातीशी धरली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मला रडू फुटायचं बाकी होतं.

जायला वळल्या तेव्हा त्यांची नजर हेस्टरच्या साच्यावर गेली. चौकटीवरचा तो कागद. दोन वर्षांच्या तेलानं आणि सुताच्या धुळीनं पार काळा झालेला, त्यावर एक अक्षर धड दिसत नव्हतं. त्या जवळ गेल्या, वाकून बघितलं आणि सवयीनं बोलल्या. नेहमीसारख्या, घशातून. "यावर तर काहीच वाचता येत नाही. हे कशाला ठेवलंय?"

आवाज त्यांचा त्यांनाही ऐकू आला नसणार. पण हेस्टर त्यांच्या ओठांकडे बघत होती. तिनं बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं आणि उत्तर दिलं. अगदी सावकाश, लहान मुलाला सांगतात तसं.

"इथं आहे."

बाई थबकल्या. आपण बोललो ते कुणालाही ऐकू येणं शक्य नव्हतं, आणि या बाईला कळलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पुन्हा तिच्याकडे बघितलं. मग हेस्टरनं धीर केला. तिचा चेहरा ताणला, भुवया वर गेल्या, तोंड वासलं. शनिवारचीच ती वेडीवाकडी तोंडं. पण आता बाई वळल्या नाहीत. त्या ओठांची एकेक हालचाल बघत होत्या, आणि आपले शब्द कुणाला ओळखू येत नाहीत? धूळसुद्धा त्याची आहे, इथपर्यंत आल्यावर बाईंचे ओठ हेस्टरबरोबर हलायला लागले.

ते बघितलं आणि मागची गल्ली सुटली. मग त्याच्या मागची. बाईंनी मान वर केली तर भिंतीपर्यंत सगळं खातं म्हणत होतं. म्हाताऱ्या, कोवळ्या पोरी, दात असलेल्या, नसलेल्या. शनिवारी राहिलेलं तिसरं कडवंही आम्ही पुरं केलं. बाईंच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही. हातरुमाल पिशवीतच राहिला, हे मी मुद्दाम लक्षात ठेवलंय. त्या विद्वानाला सांगायला हवं होतं.

मग बाईंनी आवाज न काढता, नुसत्या ओठांनी हेस्टरला विचारलं. पहिल्यांदाच करत होत्या, म्हणून फारच मोठं तोंड केलं.

"नाव काय त्याचं?"

"जोनास. आणि तुमच्याचं?"

मी दोन वर्षं ती कविता म्हणत होते, पण हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. हेस्टरला सुचला.

"टोबी," बाई म्हणाल्या. "माझ्या बहिणीचा. ती गेल्यावर मी वाढवला. पाच वर्षांचा होता. बूट अजून आहेत."

आमच्या खात्यात कुणाचं काही लपत नाही. हे तीनशे जणींनी बघितलं. आणि मी, जिनं आदल्या दिवशी बागेत त्यांना ना मूल ना बाळ म्हटलं होतं, मी माझ्या साच्यामागे जाऊन खाली वाकले आणि तुटलेलं सूत शोधत राहिले. सूत तुटलेलं नव्हतं.

वर बघितलं तेव्हा बाई पिशवीतून ते छापखान्याचं पत्र काढत होत्या. लखोटा फाडला, कागद उघडून साच्याच्या फळीवर पालथा ठेवला. त्यांच्याकडे दुसरा कोरा कागद नव्हता. अमोसनं कानामागची पेन्सिल काढून पुढे केली. त्याला कुणी मागितली नव्हती, आणि तो आत कधी आला तेही मला कळलं नाही. बाईंनी उभ्या उभ्या सगळी कविता पुन्हा लिहिली, मोठ्या, गोल अक्षरात, आणि खाली दोन नावं घातली: जोनास आणि टोबी. काळा कागद होता त्याच्यावरच हेस्टरनं तो चिकटवला. काढला नाही जुना.

दहाची गाडी गेली. बाई दुपारच्या गाडीनं गेल्या. नाताळच्या आधी दुसरं पुस्तक निघालं, आणि ते आमच्या हातात येईपर्यंत त्यातल्या निम्म्या कविता आम्हाला पाठ होत्या, कारण त्या महिन्यातून एकदा शनिवारी सकाळीच यायच्या आणि हेस्टरच्या गल्लीत उभ्या राहून सगळ्या खात्याला ओठांनी म्हणून दाखवायच्या. उच्चार सुधारला त्यांचा. माझ्याइतका नाही, पण बरा.

हेस्टर त्या साच्यांवर आणखी एकोणीस वर्षं होती. सकाळी आली की आधी त्या कागदाला हात लावायची, मग कामाला. मागच्या बाजूला, चिकटवण्याआधी मी बघितलं होतं, बाईंच्याच अक्षरात छापखान्याला लिहिलेलं होतं, की पुस्तक थांबवा, आता वाचणारं कुणी नाही. ती बाजू मी तिला कधी वाचून दाखवली नाही.